रोमा लोकांचा अभ्यास: मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी

युरोपातल्या रोमा लोकांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. जे मिळतं त्यात दोन गोष्टी हटकून असतात. एक म्हणजे शेकोटीभोवती घागरा फिरवणारी, हात बघून भविष्य सांगणारी सिनेमातली जिप्सी. दुसरी म्हणजे ‘ते मूळचे आपलेच’ हे अभिमानाचं वाक्य, आणि बहुतेक लेख तिथेच संपतात. पहिली गोष्ट सोडून देणं सोपं आहे. दुसरी अवघड जाते, कारण ती खरी आहे. रोमांचे पूर्वज भारतातून गेले याबद्दल अभ्यासकांत आता वाद नाही. पण त्याला साधारण हजार वर्षं झाली, आणि ती हजार वर्षं त्यांनी काढली अनातोलियात, बाल्कनमध्ये, कार्पेथियन डोंगरांत, ऱ्हाईनच्या काठी. मराठी माणसाला या अभ्यासात एक मोठी सोय आहे, ती भाषेची. एक मोठा धोकाही आहे, तो आपलेपणाच्या घाईचा. दोन्ही लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

आधी नावं नीट करून घ्या

‘जिप्सी’ हा शब्द इजिप्तवरून आला. पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात पोहोचलेल्या टोळ्या आपण ‘छोट्या इजिप्त’हून आल्याचं सांगत. जर्मनमधला ‘त्सिगॉयनर’ हा शब्द तर आज उघड शिवी मानला जातो, आणि त्याला कारण आहे: नाझींच्या आउश्वित्झ छावणीत रोमा कैद्यांच्या हातावर गोंदलेल्या क्रमांकाआधी याच शब्दाचं आद्याक्षर असे. ब्रिटनमध्ये मात्र काही कुटुंबं स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात. म्हणून नियम साधा ठेवा: ज्या समाजाबद्दल लिहायचं, तो स्वतःला काय म्हणवतो ते आधी पाहा.

‘रोमा’ ही एकसंध जमात नाही. जर्मनीत सिंती, फ्रान्समध्ये मानुश, स्पेनमध्ये काले किंवा खितानो, ब्रिटनमध्ये रोमानिचाल. बाल्कन आणि रुमानियाकडच्या अनेक गटांची नावं धंद्यांवरून पडली आहेत. कालदेराश म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे, लोवारा म्हणजे घोड्यांचे व्यापारी, उर्सारी म्हणजे अस्वलवाले. धर्म बहुधा आजूबाजूचाच: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मुसलमान, आणि अलीकडे पेंटेकोस्टल पंथाचेही पुष्कळ. वहीचं पहिलं पान यासाठीच ठेवा. गटाचं नाव, देश, जुना धंदा, धर्म आणि रोमानी भाषा अजून घरात बोलतात की नाही. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. स्पेनमधली ‘कालो’ म्हणजे स्पॅनिश व्याकरणात रोमानी शब्द. तिथे बोललं जाणारं वाक्य स्पॅनिशच असतं.

भाषेपासून सुरू करा, कारण ती तुम्हाला अर्धी येते

ही पायरी मी सगळ्यात मोठी मानतो. इतर देशांतल्या विद्यार्थ्यांना रोमानी शिकताना महिने लागतात ते भाग मराठी माणसाला पहिल्या दिवशी ओळखीचे वाटतात.

शरीराचे अवयव घ्या. नाख, कान, दांद, बाल, याख (डोळा, म्हणजे आपला ‘अक्षि’), छिब (जीभ), वास्त (हात, संस्कृत ‘हस्त’). मग पानी, लोन (मीठ, आपलं ‘लोणी’ नव्हे, ‘लवण’), रात, दिवेस, मानुष, द्राख (द्राक्ष). आकडे मोजा: एख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. सातव्या आकड्याला मात्र गाडी रुळ बदलते. एफ्ता, ओख्तो, एन्या हे तीन आकडे ग्रीक आहेत. आणि दहाला पुन्हा देश. दहा आकड्यांतच प्रवासाचा एक टप्पा दिसतो.

आता एक नियम पाठ करा, म्हणजे निम्मे शब्द स्वतःच उलगडतील. आपल्या घ, ध, भ या घोष महाप्राणांच्या जागी रोमानीत ख, थ, फ येतात. घर म्हणजे खेर. धूर म्हणजे थुव. भूमी म्हणजे फुव. भाऊ (भ्राता) म्हणजे फ्राल, बहीण (भगिनी) म्हणजे फेन. दुधाचं थूद होतं; तिथे महाप्राण शेवटून पुढे सरकला आहे.

व्याकरणात तर आणखी जवळीक आहे. काळा, काळी, काळे याला कालो, काली, काले. शाळेत आपण ‘सामान्यरूप’ शिकलो: भाऊ, पण भावाला, भावाचा, भावाने. रोमानीत अगदी तीच चाल आहे. फ्राल, पण प्रत्यय लागताना फ्रालेस. ‘भावाचं घर’ म्हणजे फ्रालेस्केरो खेर, ‘भावाची मुलगी’ म्हणजे फ्रालेस्केरी छाय. षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो, आपल्या चा-ची-चे सारखा. हे समजावून सांगायला युरोपियन शिक्षकाला अख्खा तास लागतो.

पण थांबायचं कुठे तेही भाषाच शिकवते. ‘ओ बारो खेर’ हे तीन शब्द पाहा: ‘ते मोठं घर’. बारो आणि खेर भारतातले. आधीचा ‘ओ’ मात्र निश्चित उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) आहे, आणि तसं काही आपल्याकडच्या भाषांत नाही. ही सवय ग्रीकच्या सहवासात लागली. शिवाय ‘घर’ मराठीत नपुंसकलिंगी, रोमानीत पुल्लिंगी. पाणीही तसंच. मराठी, कोकणी, गुजराती यांनी नपुंसकलिंग राखलं. रोमानीने ते सोडलं, आणि ती नामं हिंदीत जशी वाटली गेली साधारण तशीच रोमानीत वाटली गेली. काही भाषाशास्त्रज्ञ यावरून म्हणतात की रोमांचे पूर्वज पहिल्या सहस्रकाच्या शेवटापर्यंत भारतात असावेत, कारण हा बदल त्याच सुमाराचा.

आणि एक सापळा. रोमानीत ताकदीला ‘झोर’ म्हणतात. मराठी वाचकाला लगेच ‘जोर’ आठवतो आणि तो वहीत नातं म्हणून लिहून टाकतो. पण हा शब्द दोघांनीही फारसीतून घेतला आहे. तो भारताचा पुरावा नाही, रोमांच्या वाटेवर इराण होता याचा पुरावा आहे. घोड्यासाठी ‘ग्रास्त’ हा शब्द आर्मेनियनमधून आला, रस्त्यासाठी ‘द्रोम’ ग्रीकमधून. ग्रीक शब्दांचा थर सगळ्यात जाड, म्हणजे ग्रीक बोलल्या जाणाऱ्या बायझंटाईन साम्राज्यात मुक्काम लांबला होता. दर नव्या शब्दापुढे थर लिहायची शिस्त लावून घ्या: भारतीय, फारसी, आर्मेनियन, ग्रीक, आणि त्यानंतरचा स्थानिक.

साधनं फुकट मिळतात. राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवला आहे. त्यात एकाच नोंदीखाली मराठी आणि रोमानी रूपं शेजारी शेजारी सापडतात. याच टर्नर यांनी १९२६ मध्ये दाखवलं की रोमानीचा पाया मध्य भारतीय गटातला आहे, त्यावर वायव्येकडच्या मुक्कामाचे संस्कार झाले. बोलींसाठी ग्राझ विद्यापीठाचा ‘रोमलेक्स’ हा शब्दसंग्रह वापरा. त्यात हवी ती बोली निवडून शब्द तपासता येतो. सुरुवातीला एकच बोली धरा. चार बोली एकदम घेतल्या तर फ्राल, प्राल, पाल यांतच गुंतून पडाल.

मुळाच्या कथा गाळून घ्या

फारसी कवी फिर्दौसीच्या शाहनाम्यात एक कथा आहे. इराणच्या बहराम गूर राजाने हिंदुस्थानच्या राजाकडे लूरी लोकांची मागणी केली, दहा हजार वादक आले, बहरामने दिलेले बैल आणि धान्य त्यांनी खाऊन टाकलं, आणि त्याने त्यांना भटकायला लावलं. जवळपास प्रत्येक लेख इथून सुरू होतो. कथा सुंदर आहे, पण बहराम पाचव्या शतकातला, फिर्दौसीने लिहिलं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि ते लूरी म्हणजेच रोमांचे पूर्वज याला पुरावा नाही. गझनीच्या महमुदाने १०१८ मध्ये कनौज लुटलं तेव्हा नेलेले कैदी म्हणजे रोमा, किंवा राजपूत सैनिक म्हणजे रोमा, हीही मतं मांडली गेली आहेत. ती ‘मत’ या रकान्यात ठेवा, ‘इतिहास’ या रकान्यात नको.

जनुकशास्त्राचा कौल ठिकाणाबाबत भाषेला जुळणारा आहे, काळाबाबत थोडा वेगळा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मूळ समूह उत्तर आणि वायव्य भारतातून साधारण दीड हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला आणि नऊशे वर्षांपूर्वी बाल्कनमधून युरोपभर पसरला, असा अंदाज दिला.

महाराष्ट्रात एक दावा वारंवार ऐकू येतो: बंजारा आणि रोमा एकच. तांडा, आरसे लावलेले कपडे, गाणी, प्रवास, सगळं सारखं दिसतं हे खरं. पण बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी गटातली आहे. तिच्यात आणि रोमानीत जे समान आहे ते बहुतेक मराठीतही आहे. दोघांचं नातं असलंच तर ते सगळ्या भारतीय आर्य भाषकांचं असतं तेवढंच. पोशाखावरून वंश ठरवू नका.

खरं साम्य दुसरीकडे आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आपल्याकडे पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबांना हजेरी द्यावी लागे, सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली, आणि कायदा संपायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. फ्रान्सने १९१२ मध्ये कायदा करून भटक्यांना शरीराची मापं, फोटो आणि बोटांचे ठसे असलेली पुस्तिका सक्तीची केली, गावात येता-जाता तिच्यावर शिक्का घ्यावा लागे. ती १९६९ पर्यंत चालली. भटके-विमुक्तांच्या चळवळीचं मराठी साहित्य ज्याने वाचलं आहे, त्याला रोमांचा आधुनिक इतिहास कळायला वेळ लागत नाही. रक्ताचं नातं शोधण्याची इथे गरजच नाही, राज्यकर्त्यांनी दिलेली वागणूक ओळखता आली की झालं.

इतिहास एका प्रदेशातून वाचा

युरोपभरचा इतिहास एका दमात वाचायला गेलात तर तारखांची यादी उरेल. एक प्रदेश निवडा. तरी एक प्रकरण सगळ्यांनी वाचलंच पाहिजे, ते वालाकिया आणि मोल्दाविया, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भूमीतल्या गुलामगिरीचं. १३८५च्या एका दानपत्रात राजाने मठाला चाळीस रोमा कुटुंबं दिल्याची नोंद आहे, जमीन आणि गिरण्या द्याव्यात तशी. पुढे रोमा गुलाम तीन मालकांचे झाले: राजाचे, मठांचे, सरदारांचे. लोहार, स्वयंपाकी, वादक, सोनं धुणारे, सगळे विकले-विकत घेतले जात. सुटका झाली मोल्दावियात १८५५ला आणि वालाकियात १८५६ला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या अडीचशे वर्षं आधीपासून सत्तावन्नच्या उठावाच्या आदल्या वर्षापर्यंत. हा काळ बाजूला ठेवून ‘रोमांना भटकंतीची ओढ असते’ असं लिहिणारा लेखक विश्वासाचा नाही.

नवशिक्याला मी चेक आणि स्लोवाक प्रदेश सुचवतो. साहित्य भरपूर आहे आणि एक भारतीय दुवाही आहे. मिलेना ह्युब्शमानोव्हा (१९३३–२००५) प्रागमध्ये हिंदी, उर्दू आणि बंगाली शिकत होत्या. आपल्याच देशातले रोमा बोलतात ते त्यांना हिंदीमुळे कळू लागलं, आणि त्यांनी पुढचं सगळं आयुष्य त्या भाषेला दिलं. १९९१ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात रोमानी अभ्यासक्रम त्यांच्यामुळे सुरू झाला. त्यांनी स्वतःचं लिहिण्याइतकंच रोमा माणसांना त्यांच्या भाषेत लिहायला लावलं. स्लोवाकियातल्या लेखिका एलेना लाच्कोव्हा यांची जीवनकथा त्यांनी रोमानीत ध्वनिमुद्रित केली, ती १९९७ मध्ये छापली गेली. सुरुवात करायची तर अशाच पुस्तकाने करा.

याच प्रदेशातला काळा भाग: महायुद्धाआधी चेक भूमीत सुमारे साडेसहा हजार रोमा होते, छावण्यांतून परतले सहाशेच्या आसपास. आज तिथे दिसणारे बहुतेक रोमा युद्धानंतर स्लोवाकियातून आलेल्यांचे वंशज आहेत. लेटी गावच्या छावणीत तीनशेहून जास्त माणसं मेली. पुढे त्या जागेशेजारी डुकरांचा कारखाना उभा राहिला, तो हटवून स्मारक व्हायला २०२४ उजाडलं. युरोपभरात नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी मारलेल्या रोमा-सिंतींचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. पश्चिम जर्मनीच्या सरकारने हा वंशसंहार होता हे मान्य केलं ते १९८२ मध्ये.

लोककथा: आधी शेजारी पाहा, मग भारत

कालदेराश लोकांत अशी समजूत आहे की मूल जन्मल्यावर तिसऱ्या रात्री उर्सितोरी येतात आणि त्याचं नशीब ठरवतात. मराठी वाचकाला काय आठवेल ते सांगायला नको. पाचवीची पूजा, कोरा कागद, लेखणी, आणि कपाळी लिहून जाणारी सटवाई. इतकं साम्य पाहिल्यावर हात आपोआप ‘भारतातून नेलेली परंपरा’ असं लिहायला जातो.

तो आवरा आणि शेजाऱ्यांकडे विचारा. रुमानियन शेतकऱ्यांच्या घरातही उर्सितोआरे येतात. नावच तिथलं आहे. सर्ब आणि बल्गेरियन गावांत नशीब लिहिणाऱ्या तिघी आहेत. प्राचीन ग्रीकांच्या मोइरा तिघीच. म्हणजे कालदेराशांनी ही समजूत रुमानियात घेतली असण्याची शक्यता सर्वांत मोठी. सटवाईचा संबंध अशक्य आहे असं नाही, पण तो दाखवायचा तर नाव, दिवस, विधी यांतलं असं काही सापडायला हवं जे भारतात आहे, रोमांकडे आहे आणि बाल्कनच्या शेजाऱ्यांकडे नाही.

दक्षिण फ्रान्सच्या सेंत-मारी-द-ला-मेर गावची सारा काली हे दुसरं उदाहरण. दर २४ मे रोजी तिची मूर्ती मिरवत समुद्रात नेतात. फोटो पाहून आपल्याला विसर्जनच आठवतं, आणि ‘काली’ या नावाने खात्रीच पटते. पण काली म्हणजे रोमानीत नुसतं ‘काळी’, आणि सारेला समुद्रावर नेण्याची प्रथा १९३५ पासूनची आहे. भाविकांची श्रद्धा त्याने कमी होत नाही; आपला निष्कर्ष मात्र चुकतो.

कथेला रोमानीत ‘पारामिसी’ म्हणतात, शब्द ग्रीक. कथा वाचताना चार प्रश्न विचारा: कोणी सांगितली, कोणत्या भाषेत, कोणापुढे, आणि छापताना कोणी काय बदललं. ख्रिस्ताच्या खिळ्यांची कथा घ्या. एका प्रकारात रोमा लोहाराने खिळे घडवले म्हणून त्याच्या वंशाला भटकावं लागलं. दुसऱ्यात रोमाने चौथा खिळा चोरला, ख्रिस्ताच्या वेदना कमी केल्या, आणि त्याला आशीर्वाद मिळाला. पहिली कथा गावकरी सांगतो तेव्हा तो आरोप असतो. दुसरी रोमा सांगतो तेव्हा ते उत्तर असतं. सांगणाऱ्याचं नाव नसलेला संग्रह म्हणूनच निम्म्या किमतीचा. एकोणिसाव्या शतकातले पुष्कळ संग्रह असे आहेत. १८८८ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या ‘जिप्सी लोर सोसायटी’च्या जुन्या अंकांत अमोल नोंदी आहेत आणि त्याच पानांवर ‘शुद्ध रक्ताचे’ जिप्सी शोधण्याचा हट्टही. वाचायचं, पण डोळे उघडे ठेवून.

माणसांना भेटण्याआधी हे वाचा

नाझी काळात बर्लिनच्या वंशसंशोधन कार्यालयात एफा युस्टिन नावाची संशोधक होती. तिने रोमानी शिकून घेतली. ती घरोघर जाई, गोड बोलून वंशावळी लिहून घेई. मुल्फिंगन गावच्या अनाथालयातल्या सिंती मुलांवर तिने प्रबंध लिहिला. प्रबंधाचं काम संपेपर्यंत ती मुलं तिथे ठेवली गेली, आणि १९४४च्या मे महिन्यात त्यांच्यातली ३९ आउश्वित्झला पाठवली गेली. चार वाचली. युस्टिनला शिक्षा कधीच झाली नाही. एखाद्या सिंती घरात तुमच्या ‘तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?’ या साध्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्यामागे हे असतं. अनेक सिंती कुटुंबं आपली भाषा परक्यांना शिकवत नाहीत. त्यांचा तो निर्णय तसाच मान्य करायचा, मागच्या दाराने शब्द गोळा करायचे नाहीत.

चांगल्या हेतूनेही इजा होते. पोलंडमधली पापुशा (ब्रोनिस्वावा वाइस) रोमानीत कविता करायची. कवी येझी फित्सोव्स्की यांनी १९५०च्या सुमारास त्या पोलिशमध्ये छापल्या. त्याच वेळी सरकार रोमांना सक्तीने स्थिरावण्याच्या मागे लागलं होतं. समाजाने पापुशाला गुपितं फोडणारी ठरवलं आणि वाळीत टाकलं. १९८७ मध्ये ती गेली, तोवर तिने फारच थोडं लिहिलं.

कुठे जायचं, काय उघडायचं

घरबसल्या सुरुवात ‘रोमआर्काइव्ह’पासून करा. २०१९ मध्ये खुला झालेला हा डिजिटल संग्रह आहे. निवड बरीचशी रोमा अभ्यासक आणि कलाकारांनीच केली असल्यामुळे तो वेगळा वाटतो. ‘रोमानी स्टडीज’ हे नियतकालिक विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळवा. १९७१च्या ८ एप्रिलला लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा काँग्रेसची माहिती काढा. निळ्या-हिरव्या झेंड्यावरच्या लाल चाकाची चर्चा तिथली, आणि तिथे भारतातून वीर राजेंद्र ऋषी उपस्थित होते. त्यांनी पुढे चंदीगडमध्ये रोमा अभ्यासाची संस्था आणि ‘रोमा’ नावाचं नियतकालिक चालवलं. त्याचे जुने अंक भारतातल्या वाचकाने जरूर शोधावेत. त्यातले राजपूत वंशाचे दावे मात्र वर सांगितलेल्या ‘मत’ रकान्यात टाकावेत.

जर्मनीत किंवा चेकियात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना आणखी सोपं आहे. ब्रनोचं रोमा संस्कृती संग्रहालय १९९१ मध्ये स्थापन झालं. हायडलबर्गला सिंती आणि रोमांचं दस्तऐवज केंद्र आहे. बर्लिनमध्ये संसदेच्या इमारतीजवळ २०१२ पासून स्मारक आहे. २ ऑगस्टला, म्हणजे आउश्वित्झच्या रोमा छावणीत उरलेल्या चार हजारांहून जास्त माणसांना १९४४ मध्ये एका रात्रीत मारलं त्या दिवशी, ठिकठिकाणी सभा होतात आणि त्या सर्वांना खुल्या असतात. तिथे जा, मागे उभे राहा, ऐका. ओळख झालीच तर ‘तुम्ही आमचेच’ हे पहिलं वाक्य नको. समोरच्याला ते आवडेलही, पण आपण इथलेच नागरिक आहोत हे सिद्ध करण्यात ज्याच्या तीन पिढ्या गेल्या, त्याला ‘तुम्ही भारतातले’ हे ऐकायचं नसतं. युरोपात रोमांना हाकलताना हेच वाक्य वापरलं गेलं आहे.

कोणी गोष्ट किंवा गाणं सांगितलंच, तर ध्वनिमुद्रणाआधी विचारा, नाव द्यायचं की नाही विचारा, आणि मराठीत काही लिहिलंत तर त्याचा सारांश त्यांना समजेल त्या भाषेत पाठवा. छापण्याआधी.